कसब आणि त्यापलीकडची वाट



मोरया गोसावींच्या आणि चापेकर बंधूंच्या चिंचवडमध्ये या कलासंमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को आली, बजाज आली आणि कारखाने पार चाकणपर्यंत पोहोचले. अशा कामगारवस्तीत कलेचे संमेलन कशासाठी, असे अनेकांनी विचारले. उत्तर देताना मला शिल्पकार सदानंद बाकरे आठवतात.

बाकरे यांचा जन्म १९२० साली बडोद्याचा. शाळकरी वयातच ते शिल्पकार रघुनाथ फडके यांच्या हाताखाली शिकले, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. व्यक्तिशिल्पावर त्यांचा हात पक्का बसला. १९४७ साली चित्रकार सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्या सहाजणांत शिल्पकार एकटे बाकरेच. हुबेहूब पुतळे घडवून त्यांचा संसार सुखात चालला असता. पण १९५१ साली त्यांनी लंडन गाठले आणि तिथे हाती कुंचलाही घेतला. त्यांच्या चित्रांतले कोनदार, एकमेकांना भिडणारे पृष्ठभाग पाहिले, की रंगामागचा शिल्पकार लपत नाही. १९७५ साली परतल्यावर ते मुंबईच्या कलाबाजारापासून दूर, कोकणात मुरूड-हर्णैला राहिले. २००७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या या वाटचालीतून मी घेतलेला धडा असा: आधी कसब पूर्ण कमवावे, मग त्याच कसबाच्या पलीकडे जाण्याची हिंमत धरावी.

मी स्वतः फाउंड्रीवाला आहे. आमचा पॅटर्नमेकर लाकडाचा पॅटर्न कधीच नेमक्या मापाचा करत नाही. किंचित मोठा करतो, कारण धातू निवताना आकसतो. मोल्डर त्या पॅटर्नभोवती वाळू ठासतो, कोअर बसवतो, वायू निसटायला वाट ठेवतो. मग एका दमात, धार न तोडता, रस ओततो. ब्राँझचा पुतळा ओतणाऱ्यालाही हे आकसणे, ही वाट आणि ही अखंड धार सांभाळावी लागते. म्हणजे बाकऱ्यांच्या धड्याचा पहिला अर्धा भाग भोसरी-चाकणच्या कामगाराला पाठ आहे. राहिलेला अर्धा त्याला आपण कधी शिकूच दिला नाही. ड्रॉइंगमध्ये नसलेला आकार करून पाहायची मुभा आपल्या शॉपफ्लोअरवर कुणालाच नसते.

म्हणून उद्योजक बंधू-भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. वर्षातून एक दिवस आपली भट्टी शिल्पकारांसाठी पेटवा. भंगारात जाणाऱ्या पत्र्यातला थोडा कलाविद्यार्थ्यांना द्या. आपले वेल्डर आणि पॅटर्नमेकर त्यांच्या शेजारी उभे करा आणि त्यांनाही काही घडवू द्या. पाहुण्या कलावंतांनाही सांगणे आहे, की दालनांत थांबू नका, आमच्या कारखान्यांत या. पुढच्या संमेलनापूर्वी या नगरीतल्या एखाद्या चौकात इथल्याच कामगाराने घडवलेले शिल्प उभे करू, अशी जबाबदारी आज आपण सारे मिळून घेऊ या.