प्रथिनांचे उड्डाण

मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंचे वस्तुमान सांगते. मात्र त्यासाठी रेणू वायुरूपात मोकळा असला पाहिजे आणि त्याच्यावर विद्युत्भार असला पाहिजे. कापूर सहज उडतो. अंड्याचा पांढरा बलक तापविला तर थिजतो, आणखी तापविला तर करपतो. प्रथिनांची अडचण नेमकी हीच होती.

माल्कम डोल यांनी १९६८ साली सुचविलेली एक वाट येल विद्यापीठातील जॉन फेन यांनी १९८८ साली प्रथिनांपर्यंत नेली. त्या वेळी फेन सत्तरीत होते! प्रथिनाचे द्रावण बारीक सुईतून सोडावयाचे आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब द्यावयाचा. विद्युत्भारित तुषार उडू लागतात. कोरड्या, उबदार नायट्रोजनात द्रावक बाष्प होऊन जातो, थेंब आक्रसतो, भारांची दाटी होते आणि त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणाने थेंब फुटतो. असे फुटता फुटता अखेर प्रोटॉन अंगावर घेतलेले, अभंग प्रथिन तेवढे उरते. उष्णतेचा भार द्रावकानेच सोसलेला असतो.

यंत्रात मात्र एका शिखराऐवजी शिखरांची रांगच उमटते, कारण प्रत्येक रेणूवर सारखेच प्रोटॉन बसत नाहीत. प्रथमदर्शनी हा घोटाळाच वाटावा. परंतु यंत्र मोजते ते वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर. सुमारे १२,३६० वस्तुमानाच्या सायटोक्रोम-सीवर १५ प्रोटॉन बसले की ते अवघे ८२५ भरते, म्हणजे साध्या यंत्राच्याही आवाक्यात येते. शेजारच्या दोन शिखरांत एकाच प्रोटॉनाचा फरक धरला की दोन्ही भार कळतात, भारांवरून वस्तुमान निघते. आणि अशी प्रत्येक जोडी त्याच वस्तुमानाची स्वतंत्र साक्ष देते.