अक्षराचें नांव आणि अक्षराचा आवाज

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील पुष्कळ मराठी घरांतून आज लहान मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातें, आणि संध्याकाळीं त्याचें दप्तर उघडलें कीं आईबाप बुचकळ्यांत पडतात. ‘सी’ हें अक्षर दाखवावें, तर मूल ‘क्’ म्हणतें. ‘एम्’ दाखवावें, तर ओठ मिटून नुसता ‘म्’चा हुंकार देतें. महिना लोटला तरी ए, बी, सी, डी ही माळ क्रमानें पाठ झालेली नसते. शाळेंत कांहीं शिकवीतच नाहींत असा पालकांचा ग्रह होतो. आणि जे स्वतः मराठी शाळेंत शिकले, त्यांना तर हा विषय आपल्या आवांक्याबाहेरचा वाटूं लागतो. हे दोन्ही समज खरे नाहींत.

इंग्रजींत अक्षराचें नांव एक आणि त्याचा आवाज निराळा असतो. ‘सी’, ‘ए’, ‘टी’ हीं नांवें कितीहि वेळां एकामागून एक उच्चारलीं, तरी त्यांतून ‘कॅट्’ हा शब्द निघत नाहीं. क्, ॲ, ट् हे आवाज जोडले म्हणजे तो तयार होतो. म्हणून शाळा आधीं आवाज शिकविते आणि नांवें मागाहून. या पद्धतीला ‘फोनिक्स’ म्हणतात. इंग्रजी अक्षरें २६ आणि आवाज सुमारें ४४. त्यामुळें ‘श्’सारख्या आवाजासाठीं ‘एस्’ व ‘एच्’ हीं दोन अक्षरें जोडीनें येतात. परंतु हा भाग पुढच्या पायरीचा होय.

अक्षरांच्या क्रमाविषयींहि असाच गैरसमज आहे. पुष्कळ शाळांत आरंभ एस्, ए, टी, आय्, पी, एन् या सहा अक्षरांनीं होतो. कारण एवढ्यांतूनच सॅट्, पिन्, टिन्, टॅप्, नॅप् असे कितीतरी शब्द मुलाला वाचतां येतात. मराठी माणसाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. वर्णमाला अ, आ, इ, ई अशी असली, तरी ग, म, भ, न हीं मिळत्या वळणाचीं अक्षरें आधीं गिरविण्याची रीत मराठी शाळांत रूढ झालीच.

किंबहुना या कामीं मराठी घर अधिक समर्थ आहे. क्, म्, ट् हे आवाज शुद्ध उच्चारावयाचे म्हणजे अक्षराचा पाय मोडावयाचा, हें मराठी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. पालकांची चूक होते ती येथेंच: ‘क’, ‘ॲ’, ‘ट’ असें प्रत्येक व्यंजनामागें ‘अ’ लावून म्हटल्यास मुलाला शब्द जुळवितां येत नाहीं. शिवाय आवाज ओळखण्याचा खेळ इंग्रजींतच खेळला पाहिजे असें नाहीं. ‘म्’नें सुरू होणारी स्वयंपाकघरांतली वस्तु सांग, असें आजीनें म्हणावें; मुलानें मीठ, मिरची, मोहरी शोधून काढावी. एका भाषेंत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेंतहि उपयोगीं पडतो, असें अभ्यासकांना आढळून आलें आहे. आणि एकाच अक्षराचे दोन आवाज मराठींतहि आहेतच. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ म्हणून पाहावा.

आवाज, आकार आणि हात यांची सांगड घालण्याची कल्पनाहि नवी नव्हे. १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तींत, परळ-लालबागच्या चाळींची आठवण व्हावी अशा एका इमारतींत, मारिया माँटेसरी यांनीं बालगृह उघडलें. तेथील मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्याच वेळीं त्या अक्षराचा आवाज म्हणत. माँटेसरींच्या विचारांनीं प्रेरित झालेल्या ताराबाई मोडक यांनीं १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू केला. धुळींत बोटानें अक्षर काढण्याची इकडची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. घरीं ताटांत पसरलेला रवाहि त्यासाठीं पुरेसा होतो.

पालकांनीं करावयाचें तें एवढेंच. रोज दहा मिनिटें मुलाजवळ बसावें. तें आवाज सुटे करून अडखळत वाचूं लागलें, तर शब्द चटकन सांगून टाकूं नये. अडखळणें हेंच त्या वेळचें वाचन असतें. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. बोटांत बळ येण्यापूर्वीं पानेंच्या पानें गिरवून घेऊं नयेत. पहिली इयत्ता संपत आली तरी आवाज जुळत नसतील, तर शिक्षिकेस भेटावें आणि मुलाचे कानहि तपासून घ्यावे. कान वारंवार फुटणाऱ्या मुलाला पुष्कळदां आवाजांतला भेद ऐकूंच येत नाहीं, आणि घरीं मात्र तें मठ्ठ ठरतें. या वयांत पुस्तकाची धास्ती बसली, तर ती पुढें सहजासहजीं जात नाहीं. ‘सी’ला ‘क्’ म्हणणाऱ्या मुलाला दटावण्यापूर्वीं तें बरोबरच म्हणत आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.