कपाटातला कॅमेरा बाहेर काढा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘तुझ्या छंदाबद्दल थोडं बोल’ असं सांगितलं. नोकरीबद्दल बोल म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार. मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यावर बोलायला लागले असते तर मागच्या बाकांवरची मंडळी जेवणाच्या रांगेत दिसली असती.

माझ्याकडे पाच जुने फिल्म कॅमेरे आहेत. सगळे हाताने चालवायचे. फोकस आपण करायचा, शटरचा वेग आपण ठरवायचा, फोटो काढून झाला की रोल आपणच पुढे सरकवायचा. त्यातला लाडका म्हणजे बाबांचा पेंटॅक्स के-१०००. हे मॉडेल १९७६ साली आलं आणि १९९७पर्यंत बनत राहिलं. बाबांच्या चुलतभावाने त्यांना तो १९८४ साली मस्कतहून आणून दिला. नववीच्या रायगड सहलीचे जे फोटो तुम्ही मघाशी बाहेरच्या फलकावर बघत उभे होतात, ते याच कॅमेऱ्याचे. निगेटिव्ह नीट राहिल्या म्हणून या मेळाव्यासाठी नवे प्रिंट काढता आले.

आत काय असतं? स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि कापडाचे दोन पडदे. पहिला पडदा सरकतो, फिल्मवर उजेड पडतो. मागून दुसरा येतो आणि तो उजेड बंद करतो. बटणाएवढी एक बॅटरी आहे, पण ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरती. ती संपली तरी फोटो निघतोच. बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर पडणारी प्रतिमा वास्तव आणि उलटी असते, हे सरांनी मेणबत्ती आणि पांढरा पुठ्ठा घेऊन दाखवलं होतं. सर, इथे सगळा कारभार त्याच धड्यावर चालतो.

असं यंत्र चाळीस वर्षं टिकतं, पण आपोआप नाही. मागच्या झाकणाच्या कडेने आणि आतल्या आरशापाशी स्पंजाच्या पट्ट्या असतात. काही वर्षांनी त्यांचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. मग झाकणाच्या फटीतून उजेड आत शिरतो आणि फोटोवर पांढरट पट्टे येतात. तो लगदा दात कोरायच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू काढायचा आणि नवी पट्टी चिकटवायची. एका रविवारचं काम आहे.

दुसरा त्रास शटरचा. आतलं ग्रीस सुकलं की वेग मंदावतात. मी शटरचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून त्याचा आलेख बघते. दोन खटक्यांमधलं अंतर म्हणजे शटर उघडं राहिल्याचा वेळ. बाबांच्या कॅमेऱ्यात एका सेकंदाच्या जागी १.४ सेकंद निघाले. (वरचे वेग असे मोजता येत नाहीत, दोन्ही खटके एकमेकांत मिसळतात.) अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, ‘शिलाई मशीनचं तेल सोड दोन थेंब.’ कृपा करून सोडू नका. ते तेल पसरत जाऊन भिंगातल्या ॲपर्चरच्या पात्यांना चिकटवून टाकतं.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींनी खास ऐका. भिंगाला बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. वेळीच साफ केली तर जाते, फार दिवस राहिली तर काच कायमची खराब करते. आणि आपण प्रेमाने कॅमेरा कशात ठेवतो? चामड्याच्या कव्हरात, बंद कपाटात. चामडं ओल धरतं. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं.

हे सगळं मी शिकले ते पुण्यात पेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कॅमेरा उघडताना निघालेला प्रत्येक स्क्रू ते चिकटपट्टीवर ओळीने लावून ठेवतात, म्हणजे बसवताना त्याच ओळीने उलटं यायचं. नवे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून एक खांब म्हणावा असा मेलेला कॅमेरा बाजूला ठेवतात आणि त्याच्या भागांवर दुसरे तीन जिवंत करतात. बाबांच्या कॅमेऱ्याचा सेकंद त्यांनीच पुन्हा सेकंदावर आणला.

त्यांच्याकडे शिकायला कुणी नाही. मुलगा वेगळ्या व्यवसायात, आणि त्याला दोष देता येत नाही. यावर घर चालत नाही. काकांनी कधी काही लिहूनही ठेवलेलं नाही, सगळं बोटांत आहे. म्हणून दर दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसते. ते उघडतात, मी प्रत्येक पायरीचा फोटो काढते आणि वहीत लिहिते. आतापर्यंत दोन मॉडेलं पूर्ण झाली. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी लिहिलेलं एकही सॉफ्टवेअर आज कुठे चालत नाही. ही वही मात्र आणखी वीस वर्षांनी कुणाच्या तरी कामी येईल, असं मला मनापासून वाटतं. ती पूर्ण होईपर्यंत काकांची नजर टिकावी, एवढीच काळजी आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी आईवडिलांचा एखादा कॅमेरा असेल. भंगारात देण्याआधी तीन गोष्टी करा. बॅटरी काढा, ती आत फुटली तर ॲसिडसारखी खाते. चामड्याच्या कव्हरातून कॅमेरा बाहेर काढा. आणि महिन्यातून एकदा, रोल नसला तरी, सगळ्या वेगांवर शटर उडवा. न वापरलेलं यंत्र आखडतं. आत जुना रोल असेल तर मागचं झाकण उघडू नका, आधी मला फोन करा. त्यात कोण असेल सांगता येत नाही.

आज कॅमेरा सोबत आणला आहे. ३६पैकी पाच फोटो शिल्लक आहेत. जेवण झालं की सगळ्यांनी पटांगणात वडाखाली या, बाई आणि सर खुर्च्यांवर, आपण मागे उभे. फोटो लगेच बघायला मिळणार नाही. रोल धुऊन प्रिंट निघाले की प्रत्येकाला पोस्टाने येईल, म्हणून नोंदणीच्या टेबलावर पत्ता लिहून जा.