गरज कोणाची, यादी कोणाची?

(नसरापूर येथे मंडळीचे सभासद व साहाय्यक यांच्यासमोर केलेले भाषण)



आज मी जरा कोरड्या वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. प्रकल्पाला पैसे देण्याआधी त्यात लिहिलेली गरज खरी आहे की नाही, हे कसे तपासायचे? मोठ्या कंपन्यांत या कामासाठी वेगळी माणसे असतात, त्यांना बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात. ती दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. मागणी नीट, स्पष्ट लिहिली आहे का, हा पहिला. आणि ती पूर्ण केल्यावर आपला मूळ हेतू साधेल का, हा दुसरा. सेवाकार्याच्या प्रस्तावांत पहिल्याचे उत्तर बहुधा तयार असते. कोटेशन जोडलेले असते, बेरीज जुळलेली असते. राहून जातो तो दुसरा प्रश्न.

आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या कातकरी वस्त्यांचेच पाहा. कुडाच्या भिंती, वर प्लास्टिक. “घर पाहिजे,” असे लोक सांगतात आणि आपण लिहून घेतो: इतकी घरे, इतके पत्रे, इतका खर्च. मागणी खोटी नाही. पण ते घर उभे कशावर राहणार? कातकऱ्यांच्या अनेक वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. रायगड जिल्ह्यातल्या अशा वस्त्यांबरोबर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी काम केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१३ साली निघाले. त्या कामाचा गाभा घराच्या भिंती नव्हता, घराखालची जागा होता. वस्ती उठवली जाण्याचे भय आणि तिला गावठाण म्हणून मान्यता मिळवण्याची खटपट, असा तो प्रश्न.

घरासाठी सरकारी पैसा आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन योजना सुरू झाली. ती देशातल्या ७५ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहे. त्यांतले तीन महाराष्ट्रातले: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. योजनेत पक्क्या घराची तरतूद आहे. गाडे अडते ते जागेपाशी आणि कागदापाशी. आपल्या राज्यात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि पोटासाठी दर वर्षी गाव सोडले, त्यांचा कागद नातवाने आणायचा कुठून? मग आपल्या देणगीतून पत्रे घ्यावेत, की तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याचा खर्च द्यावा? दोन्ही कामे चांगलीच. पण घर कशाने टिकेल, हे वस्तीबरोबर बसल्याशिवाय कळत नाही.

तपासणी राहिली की काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. मुले चक्रावर खेळतील, चक्र फिरले की जमिनीतले पाणी टाकीत चढेल, असा प्लेपंप तिथे निघाला. कल्पना सर्वांना आवडली. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. पुढे ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने हिशेब मांडला. ठरवलेल्या लोकांना पुरेसे पाणी द्यायचे, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागले असते! अनेक ठिकाणी ते जड चक्र बायकांनाच हाताने फिरवावे लागले. पैसा होता, कळकळही होती. पण पाणी भरणाऱ्या बाईला आधी कोणी विचारले होते?

म्हणून प्रस्ताव हातात आला की चार प्रश्न विचारा.

पहिला, ही मागणी कोणाच्या तोंडून आली? पाहुण्यासमोर माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. बायका, म्हातारी माणसे, कोपऱ्यात गप्प बसलेला, यांचे म्हणणे घेतले का?

दुसरा, हे मिळाल्यावर वर्षभराने काय वेगळे दिसेल? “वीस शिलाई मशीन दिल्या” हे उत्तर नव्हे. शिवलेले कपडे कोण घेणार, ते सांगा.

तिसरा, कशावर भरवसा ठेवला आहे? शौचालयाला पाणी लागते, पंपाला दुरुस्ती करणारा लागतो. अभ्यासिकेला मुले लागतात, आणि उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेली की वस्ती पावसाळ्याच्या तोंडाशीच भरते. अशा वस्तीवर नोव्हेंबरात अभ्यासिका उघडण्यापेक्षा मुलांच्या राहण्याची सोय आधी लागेल.

चौथा, हे सरकारकडून मिळण्यासारखे आहे का? असेल, तर आपण वस्तू द्यायची की वाट मोकळी करून द्यायची?

उत्तरे मिळाली की मसुदा वस्तीवर न्या. सोप्या भाषेत मोठ्याने वाचा, आणि कातकरी बोलणाऱ्या कोणाकडून तो त्यांच्या बोलीत सांगवून घ्या. लोकांना त्यात खोडू द्या.

ही रीत मंडळीला नवी नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी त्या कुरकुरीला निंदा मानले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि सात माणसे निवडण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेची माणसे वाटपावर आली, असे त्यावरून दिसते.

आता तुम्हाला तीन विनंत्या. देणगीचा थोडा भाग या विचारपुशीसाठी, येण्याजाण्यासाठी, वस्तीवरच्या बैठकांसाठी ठेवू द्या. त्याचा सुंदर फोटो निघणार नाही. वस्तीने मसुदा बदलला, तर आधी ठरलेल्या कामाचा आग्रह धरू नका. आणि अहवाल आला की किती वाटले, एवढेच पाहू नका. लोकांनी काय खोडले, तेही विचारा.

प्रभू आपल्याला देणारे हात देवो, आणि ऐकणारे कानही देवो. आमेन.