तिथी पाहून फुटबॉल

महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम किती लांब असतो, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पहिला पराभव होईपर्यंत. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. एक सामना हरलात की चेंडूतली हवा काढायची आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची. हा खेळ आपल्याकडे पावसाचाच. उन्हाळ्यात फरशीसारखी टणक झालेली जमीन जुलैत मऊ होते आणि क्रिकेटवाले घरी बसतात, तेव्हा कुठे फुटबॉलची पाळी येते.

मी मराठीचा प्राध्यापक. चेंडूला कधी पाय लावलेला नाही. पण जिमखान्याच्या कामांची वाटणी ज्या सभेत झाली तिला मी रजेवर होतो, त्यामुळे 2006 साली फुटबॉल माझ्या वाट्याला आला. महाविद्यालयाला स्वतःचं मैदान नव्हतं. मी ठाण्याच्या कोलशेतला राहतो. तिथे खाडीच्या काठाला एक मोकळी जागा होती, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला खाजण. सराव तिथेच करायचा ठरलं.

त्या वर्षी जर्मनीत विश्वचषक होता. सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, रात्री साडेनऊला आणि साडेबाराला दिसायचे. सकाळी पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असे, मीसुद्धा. 9 जुलैला अंतिम सामना झाला आणि त्याच आठवड्यात निवडीसाठी साठच्या वर मुलं हजर! अंतिम सामन्यात 110व्या मिनिटाला झिदाननं मातेराझ्झीच्या छातीवर डोकं आपटलं होतं. आमच्याकडे दोन दिवस त्याच एका कौशल्याचा सराव चालला. मग पाऊस लागला. महिनाअखेर एकोणीस मुलं उरली. त्यांत धड बूट असलेली नऊ.

या एकोणिसांत गोलरक्षक एकच. गावातला कोळ्याचा मुलगा, दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून चिखलात हात घालून चिंबोऱ्या धरलेला. ओला चेंडू त्याच्या हातातून सुटायचा नाही. अडचण एवढीच की वडील खाडीत जाळं लावायचे आणि त्यांच्या मदतीला दुसरं कुणी नव्हतं. जाळं भरती-ओहोटीवर चालतं, आमच्या वेळापत्रकावर नाही.

सराव संध्याकाळी पाचला, असं मी फलकावर लिहिलं. पहिल्या आठवड्यात तो दोनदाच आला. रागावून विचारलं, तेव्हा म्हणाला, "सर, तुमी घड्याळ बघताव. मी तिथी बघतंय."

मग त्यानं मला हिशेब शिकवला. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तो तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. खाडीतून आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो अनुभवानं धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. मी घरच्या कालनिर्णयवर पेन्सिलनं वेळा मांडल्या आणि नवं वेळापत्रक लावलं. कधी सकाळी सहा, कधी दुपारी तीन. क्रिकेटचे सर हसले. पण गोलरक्षक एकदाही चुकला नाही. शिवाय उधाणाचं पाणी मैदानात येत असे, ते दिवसही आपोआप टळले.

पहिल्या फेरीत समोरचा संघ आलाच नाही. अर्धा तास पावसात उभं राहून आम्ही जिंकलो. दुसऱ्या फेरीत दोन-एक. तो सामना मला नीट कळला, कारण आमचे दोन्ही गोल चिखलात अडकलेल्या चेंडूवर झाले, आणि चिखल आता आमच्या ओळखीचा होता.

तिसरी फेरी 11 ऑगस्टला आली. 9 तारखेला श्रावणी पौर्णिमा, त्यामुळे तीन दिवस मैदान पाण्याखाली. आम्ही महाविद्यालयाच्या जिन्याखाली सराव केला. सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरवर गेला. पोरानं दोन फटके अडवले. आमच्यांनी तीन बाहेर मारले. हंगाम संपला. घामाचा वास मारणारी एकोणीस पोरं ठाण्याच्या लोकलमध्ये चढली आणि मुलुंडपर्यंत कुणी बोललं नाही.

लोक विचारतात, यातून मिळतं काय? विद्यापीठाच्या नियमात खेळाडूंसाठी परीक्षेत दहा सवलतीच्या गुणांची तरतूद आहे. काठावरच्या मुलाला ते दहा गुण म्हणजे वर्ष वाचणं. वरची शिडीही आहे: विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग सर आशुतोष मुखर्जी करंडकासाठी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथवर आमच्यासारख्या महाविद्यालयाचा मुलगा क्वचितच पोहोचतो. ते मैदानही आता नाही. कोलशेतला कारखान्यांच्या, मोकळ्या जागांच्या ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत खाडी 'व्ह्यू' म्हणून येते.

पण त्या वर्षी तिसऱ्या फेरीचा सामना बघणाऱ्या कुणीतरी आमच्या गोलरक्षकाचं नाव टिपून घेतलं. सप्टेंबरात विद्यापीठाच्या निवड चाचणीचं पत्र आलं. चाचणी मुंबईत, सबंध दिवसाची. पत्र घेऊन मी बंदरावर गेलो. तो वडिलांबरोबर जाळं सोडवत बसला होता. पत्र त्यानं वाचलं, वडिलांना दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तर, त्या दिशी तिथ कंची?"

मी घरून बघूनच निघालो होतो. म्हटलं, "अष्टमी. भांग आहे."

ते पोराकडे वळले. "मंग जा," म्हणाले, आणि पत्र ओलं होऊ नये म्हणून त्यांनी ते टोपीत ठेवलं.