गाव मागे का?

मंडळी, २०११ साली आपल्या देशाची शिरगणती झाली. सात वर्षे व त्यावरच्या माणसांत समजून लिहिता-वाचता येणारे किती, ते मोजले. शहरात शंभरांत ८४ निघाले, खेड्यात ६८.

आता खेड्यातलेच बघा. पुरुष शंभरांत ७७, बाया ५८. शहरात बाया ७९!

खेड्यातली बाई काय अडाणी जन्मते? नाही हो. शाळा लांब असते. घरी गुरे असतात, धाकटी भावंडे असतात. मग पोरीचीच शाळा आधी सुटते. हे आपण सारे जाणतो, आणि आपणच तिची शाळा सोडवतो.

म्हणून उद्यापासून वर्गाला एकटे येऊ नका. घरच्या लक्ष्मीला, लेकी-सुनांना बरोबर आणा. पुढच्या शिरगणतीत त्यांचीही गणती शिकलेल्यांत होऊ द्या.