कुर्डुवाडीची धाकटी गाडी



मुंबईकडून आलेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला. पण बार्शीची मोठी बाजारपेठ त्यानें बाजूसच टाकली. बार्शीकरांसाठीं नेमलेलें स्टेशन गांवापासून वीस-बावीस मैल दूर! त्याचें नांव ‘बार्शी रोड’. तेंच आजचें कुर्डुवाडी. बार्शीचा माल तेथवर बैलगाड्यांनीं येई.

रुंद रूळ टाकावे तर खर्च पेलत नाहीं. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें सोडविली. रुळांमधील अंतर त्यानें अवघें अडीच फूट ठेवलें. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, असा त्यानें दंडक घातला. त्यामुळें हलक्या रुळांवर काम भागलें. १८९७ सालीं बार्शीस गाडी आली. पुढें हा मार्ग १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस भिडला. सारा मिळून सुमारें दोनशें मैल. येथला अनुभव गांठीं बांधून कॅलथ्रॉपनें इंग्लंडांत लीक-मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती १९०४ सालीं सुरू झाली. आमच्या अवर्षणी मुलुखांत पटलेली युक्ति विलायतेस गेली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मात्र या काटकसरीची किंमत कुर्डुवाडीस मोजावी लागे. मोठ्या वाघिणींतलें प्रत्येक पोतें उतरवून धाकट्या वाघिणींत भरावयाचें! माणसांचीहि तीच गत. वळसंगहून पंढरीस निघालेलीं आमच्यासारखीं कुटुंबें सोलापुरास मोठ्या गाडींत बसत, कुर्डुवाडीस उतरत आणि वळकट्या, बोचकीं, पोरें सांभाळीत धाकट्या गाडीकडे धांवत. आषाढींत डब्यांच्या टपांवरहि वारकरी बसलेले मीं लहानपणीं पाहिले आहेत. इंजिनाची काजळी डोळ्यांत जाई, आजी पदराच्या टोंकानें ती काढी आणि म्हणे, “पायीं चालणाऱ्यांच्या मानानें आपण राजे आहोंत, बाबा!” तेव्हां त्या बोलण्याचें हंसूं येई, आज त्याचा अर्थ उमगतो.

१९५४ सालीं ही खासगी रेल्वे सरकारजमा झाली. नव्या शतकाच्या प्रारंभापासून टप्प्याटप्प्यानें रूळ रुंद होत गेले आणि २०११ पर्यंत धाकटी गाडी इतिहासजमा झाली. तिच्यासाठीं हळहळणाऱ्यांपैकीं मी नव्हे. पोत्यांची ती दुहेरी उस्तवार ज्या हमालांच्या पाठींनीं सोसली, त्यांना विचारल्यावांचून जुन्याचे गोडवे गाऊं नयेत.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोठा मार्ग ज्या गांवांस वळसा घालून गेला, त्यांच्या दाराशीं जाण्याचें मनांत आणूनच हा लहान मार्ग आंखला गेला होता. रूळ रुंद झाले, वेग वाढला, हें चांगलेंच; पण आडगांवच्या थांब्यावर बोचकें घेऊन उभी असलेली म्हातारी गाडींत चढली कीं नाहीं, हेंहि वेळापत्रक करणारांनीं पाहावें. माझें एवढेंच मागणें आहे.